चष्मा लावून सायकल: साताऱ्यात नव्याने चालवणाऱ्यांसाठी

नवी सायकल घेतली की हेल्मेट, कुलूप, पंप, बाटली असं एकेक घरात येतं. चष्मा मात्र तोच, रोजचा. ऑफिसात, स्वयंपाकघरात, टीव्हीसमोर चालतो तर सायकलवरही चालेल असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरलं होतं. माझा नंबर मायनस सहा, त्यात सिलिंडर (ठरावीक कोनात बसवायचा वेगळा नंबर), आणि चाळिशीनंतर जवळचाही लागला. सायकल घेतल्यावर पहिल्याच महिन्यात यवतेश्वरचा घाट उतरताना एका वळणावर चष्मा घामाने घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर आला. दोन्ही हात ब्रेकवर, वर सारायला हात मोकळा नाही. चष्म्याच्या वरून दिसत होता तो नुसता हिरवट-करडा रंग, आणि त्यातच कुठेतरी कठडा होता. मी पडले नाही, थांबता आलं. पण रस्त्याच्या कडेला उभी राहून चष्मा पुसताना हात थरथरत होते.

त्या दिवसापासून मी चष्म्याला सायकलचाच एक भाग मानते. ब्रेक आणि टायर जसे निघण्याआधी तपासतो, तसाच तो. नंबर कितीही असो, सायकल चालवता येते. काय बदलावं लागतं आणि कधी थांबावं लागतं, ते मी इथे क्रमाने सांगते.

आधी नंबर, मग सायकल

शेवटची तपासणी होऊन वर्ष उलटलं असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. दुकानात मशीनवर पाहून नंबर मिळतो, पण डोळ्याचा आतला पडदा (रेटिना), डोळ्यातला दाब, मोतीबिंदू यांतलं काही तिथे कळत नाही. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात असताना नंबर काढा. साखर वरखाली झाली की नंबरही तात्पुरता हलतो, आणि त्या दिवसाच्या नंबरवर केलेला चष्मा पुढे जुळत नाही.

मायनस सहा किंवा त्याहून जास्त नंबर असलेल्यांनी पडद्याची तपासणी आवर्जून मागून घ्यावी. अशा डोळ्यांचा पडदा ताणलेला असतो आणि तो फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. अचानक डोळ्यासमोर विजा चमकल्यासारखं होणं, काळे ठिपके एकदम वाढणं, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसणं, यातलं काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. सायकलवरून पडून डोक्याला किंवा डोळ्याला मार लागला असेल, तर पुढचे काही आठवडे ही लक्षणं खास लक्षात ठेवा.

एक साधी गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती: पडदा तपासण्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करतात. त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. त्या दिवशी दवाखान्यात सायकलने जाऊ नका. घरच्या कुणाला तरी बरोबर न्या.

नव्या चष्म्यात रस्ता कललेला वाटला, जमीन वर आल्यासारखी वाटली, तर चार-आठ दिवसांत सवय होते. त्यापुढेही तसंच राहिलं, तर दोष तुमच्या डोळ्यांचा आहे असं मानू नका. माझा एक चष्मा असा होता की सपाट रस्ता मला डावीकडे उतरता दिसायचा. तीन आठवडे मी सवय होईल म्हणून वाट पाहिली. शेवटी दुसरीकडे काचा तपासून घेतल्या, तेव्हा कळलं की सिलिंडरचा अक्षच चुकीचा बसवला होता. डॉक्टरांच्या कागदावर नंबराशेजारी हा अक्ष अंशांत लिहिलेला असतो. चष्मा हातात आला की दुकानातच मशीनवर काच ठेवून तो जुळतो का, ते दाखवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

उभ्या जागी स्वतःची परीक्षा

रस्त्यावर जाण्याआधी हे करा. दिवसा उजेडी एखादी उभी गाडी शोधा, तिच्यापासून २० मीटर लांब जा (साधारण २५-२६ मोठी पावलं) आणि नंबर प्लेट वाचा. ब्रिटनमध्ये वाहन चालवणाऱ्यांसाठी हेच अंतर ठरलेलं आहे. चष्मा लावूनही वाचता येत नसेल, तर रहदारीत सायकल काढायची वेळ अजून आलेली नाही, आधी डॉक्टर.

मग हेच एकेक डोळा झाकून करा. बऱ्याच जणांना एका डोळ्याने कमी दिसतं आणि ते वर्षानुवर्षं लक्षातही येत नाही, कारण दुसरा डोळा सांभाळून घेतो. भारतात आपण डावीकडून चालतो आणि गाड्या उजवीकडून ओलांडतात. म्हणून उजवा डोळा कमजोर असणं सायकलवर जास्त जाणवतं.

आता थोडा हिशोब. ताशी २० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. घाटउतारावर ताशी ४० झाला तर सेकंदाला ११ मीटर. खड्डा तुम्हाला १० मीटरवर नीट ओळखू येत असेल, तर सपाटीवर हाताशी पावणेदोन सेकंद असतात, उतारावर एकही नाही. तुमचा वेग पायांनी ठरवू नका. खड्डा किती लांबून खड्डा म्हणून दिसतो, त्यावरून ठरवा. हे अंतर पावसात, तिन्हीसांजेला आणि थकल्यावर कमी होतं, मग वेगही तितका कमी.

चष्मा सायकलच्या बैठकीला जुळवा

चष्मा करताना आपण खुर्चीत ताठ बसलेलो असतो. सायकलवर मान पुढे झुकते आणि नजर भुवयांखालून वर जाते. म्हणजे आपण काचेच्या मधोमध न पाहता वरच्या कडेतून पाहतो. मोठ्या मायनस नंबरात काचेच्या कडेला चित्र वाकतं आणि धूसर होतं. फ्रेमचा वरचा काठ नेमका नजरेच्या रेषेत येतो. तास-दीड तासाने मान दुखते, कारण काचेच्या मध्यातून बघण्यासाठी आपण नकळत हनुवटी वर करत राहतो.

दुकानात एवढंच करा. स्टुलावर बसा, पुढे वाका, हात हॅंडलवर असल्यासारखे गुडघ्यांजवळ ठेवा आणि समोरची भिंत पाहा. फ्रेमचा काठ आड येतो का? येत असेल तर काचेची उंची जास्त असलेली, भुवयांपर्यंत जाणारी फ्रेम घ्या. वरचा काठ नसलेली, खालून तारेत धरलेली किंवा पातळ काठाची फ्रेम चांगली. जाड काळ्या काठाच्या फ्रेमा दिसायला छान असतात, पण त्यांच्या जाड काड्या नेमक्या बाजूची नजर अडवतात. गाडी शेजारी येईपर्यंत दिसत नाही.

दुसरी बाजू सायकलची. नव्याने सुरुवात करणाऱ्या चष्मेवाल्यांनी वाकड्या हॅंडलची रेसिंग सायकल पहिल्याच वर्षी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सरळ हॅंडलच्या सायकलवर पाठ बऱ्यापैकी ताठ राहते आणि नजर काचेच्या मध्यात येते. घेतलीच असेल तर सायकलच्या मेकॅनिककडून हॅंडल वर करून घ्या. थोड्या खर्चात मानेला मोठा आराम मिळतो.

चाळिशीनंतरच्यांसाठी वेगळं सांगते. एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेला, प्रोग्रेसिव्ह चष्मा तुमच्याकडे असेल, तर त्याचा खालचा भाग वाचनाचा असतो. सायकलवर चाकापुढचे दोन-तीन मीटर नेमके त्या भागातून दिसतात आणि पसरट, धूसर होतात. गतिरोधकाची उंची कळत नाही. मी शेवटी सायकलसाठी फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा वेगळा केला. फोनवरचा नकाशा त्यातून वाचता येत नाही, तर थांबून चष्मा कपाळावर चढवते आणि वाचते. मायनस नंबरवाल्यांना हे जमतं. ज्यांचा लांबचा नंबर प्लस आहे, त्यांना वाचायचा वेगळा चष्मा पिशवीत ठेवावा लागेल.

काच कोणती

खऱ्या काचेच्या भिंगांचा चष्मा लावून सायकल चालवू नका. फुटली तर तुकडे डोळ्यात जातात. साधं प्लास्टिक त्यापेक्षा बरं, आणि पॉलिकार्बोनेट सर्वांत चांगलं: हलकं, आघात सोसणारं, आणि अतिनील किरण अडवणारं. मात्र ते लवकर ओरखडतं, म्हणून ओरखडे रोखणारा थर लावून घ्या. परावर्तन कमी करणारा थर, ज्याला दुकानात अँटी-ग्लेअर म्हणतात, तो रात्रीसाठी उपयोगी पडतो.

खेळाडूंचे असतात तसे चेहऱ्याला गुंडाळून बसणारे वळणदार गॉगल नंबरात करून मिळतात. कमी नंबराला ठीक. मायनस चारच्या पुढे वळणामुळे कडेला चित्र ओढल्यासारखं होतं आणि काच जाडही होते. काहींमध्ये आत नंबरची छोटी काच अडकवण्याची सोय असते. पण मग दोन काचांमध्ये वाफ साचते, आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात ती पुसत बसण्याचा कंटाळा येतो. सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल. रूपाचा विचार करू नका, धूळ आणि वारा दोन्ही थांबतात.

कॉन्टॅक्ट लेन्स घालून चालवणाऱ्यांना बाजूचंही स्पष्ट दिसतं, ही त्यांची मोठी सोय. पण उतारावरचा वारा लेन्स सुकवतो, म्हणून वरून साधा गॉगल हवाच. लेन्सला नळाचं, बाटलीचं, झऱ्याचं पाणी लावायचं नाही आणि थुंकी तर अजिबात नाही. पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी बुबुळाला झालेला संसर्ग फार चिवट असतो. ठोसेघरला जाऊन पाण्यात उतरणार असाल, तर लेन्स आधी काढा. आणि लेन्स डोळ्यातून पडली तर घरी कसं येणार, याचा विचार करून जुना चष्मा पिशवीत ठेवा.

घसरू नये म्हणून

आधी हेल्मेट, मग चष्मा. काड्या हेल्मेटच्या पट्ट्यांच्या बाहेरून घाला, म्हणजे हेल्मेट न काढता चष्मा काढून पुसता येतो आणि पट्टा काडीला कानावर दाबत नाही. दुकानात काडीचं टोक गरम करून कानामागे नीट वळवून घ्या. हे काम बहुतेक ठिकाणी फुकट करतात. टोकाला चढवायचे छोटे रबरी आकडे मिळतात, ते लावा. नाकावरचे पॅड पिवळे, कडक झाले असतील तर बदला. मागून बांधायची दोरी चढावर सैल आणि उताराआधी घट्ट करायची, हा माझा नियम. कपाळावर घामपट्टी बांधली की निम्मा प्रश्न सुटतो, कारण चष्मा घसरतो तो घामामुळेच.

वाफ आणि पाऊस

यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाताना जून ते सप्टेंबर ढग रस्त्यावर उतरलेले असतात. कासचं पठार साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आलेलं, आणि फुलांच्या दिवसांत तिथे सायकलने जायची इच्छा प्रत्येकाला होतेच. चष्मेवाल्यांनी तिथे जाण्याआधी धुकं ओळखायला शिकावं, कारण चष्म्यावर येणारं धुकं दोन प्रकारचं असतं आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत.

काचेला आतून बोट लावून बघा. आतून ओलं असेल, तर ती तुमच्याच चेहऱ्याची वाफ आहे. चढावर चेहरा तापतो, घाम येतो, आणि ती ओलसर हवा थंड काचेवर साचते. चालत असताना वारा ती उडवतो; थांबलात की दहा-पंधरा सेकंदांत काच पांढरी. उपाय: चढावर चष्मा नाकावर एक बोटभर खाली ओढा म्हणजे मागे हवा खेळते, थांबताच चष्मा काढून हातात धरा, आणि नाकावरून रुमाल किंवा मास्क बांधू नका. तोंडावर काही बांधलं की सगळा श्वास वर काचेकडे जातो.

बाहेरून ओलं असेल, तर ढगातले बारीक थेंब साचलेत. इथे आत काही करून उपयोग नाही, बाहेरून पुसणं एवढंच. मात्र कोरड्या कपड्याने, ओढणीच्या टोकाने घासू नका. काचेवर रस्त्याची बारीक माती असते आणि ती ओरखडे पाडते. आधी बाटलीतलं पाणी ओता, मग मऊ सुती कापडाने टिपा. हे कापड मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जर्सीच्या मागच्या खिशात ठेवते. दमट खिशातलं ओलं कापड काच अजूनच माखवतं.

वाफ अडवायला भांड्यांच्या साबणाचा एक थेंब दोन्ही बाजूंना बोटाने पातळ चोळायचा आणि कोरड्या कापडाने चमक येईपर्यंत पुसायचा. थर डोळ्यांना दिसता कामा नये. जास्त राहिला तर घामाबरोबर डोळ्यात उतरतो आणि उतारावर डोळे झोंबणं वाफेपेक्षा वाईट. तयार फवारेही मिळतात, पण तुमच्या काचेवरच्या थरांना ते चालतात का, हे दुकानात विचारून घ्या.

पावसाला माझ्याकडे एकच खरा उपाय आहे: हेल्मेटखाली झाप असलेली पातळ टोपी. झाप थेंब अडवते, आणि मान जरा खाली केली की काच जवळजवळ कोरडी राहते. ज्यांचा नंबर एकच्या आसपास आहे, त्यांना भर पावसात चष्मा काढून हळू जाणं कदाचित बरं पडेल. तीन-चारच्या पुढे तो मार्ग नाही. झड लागली की एखाद्या टपरीखाली थांबा. चहा प्या. साताऱ्याचा पाऊस तुम्हाला घाई करू देत नाही आणि आपण करूही नये.

ऊन आणि बोगदा

उन्हात काळ्या होणाऱ्या काचा, ज्यांना फोटोक्रोमिक म्हणतात, बऱ्याच जणांकडे असतात. कासच्या रस्त्याला त्या छान. पण सज्जनगडाकडे निघालात की समर्थ मंदिराच्या पुढे बोगदा लागतो. भर उन्हातून आत शिरता, काचा काळ्या, आत अंधार. काचा पुन्हा पांढऱ्या व्हायला काही मिनिटं लागतात आणि बोगदा तेवढ्या वेळात संपूनही जातो. शिवाय आपले स्वतःचे डोळेही उजेडातून अंधारात लगेच रुळत नाहीत. तोंडाशी पोचण्याआधी वेग कमी करा, चष्म्यावरून गॉगल घातला असेल तर तो काढा, मागचा दिवा लावा आणि आत डाव्या कडेचा रस्ता बघत जा. पोवई नाक्यावरही जमिनीखालचा ग्रेड सेपरेटर टाळून सायकलने वरचा रस्ता धरलेला बरा.

गडद गॉगल घेताना त्यावर यूव्ही ४०० लिहिलेलं आहे का ते बघा. अतिनील किरण न अडवणारा नुसता काळा गॉगल उलट वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. पोलराइज्ड काच ओल्या रस्त्यावरची चमक काढून टाकते, आणि तीच चमक कधी कधी पुढे पाणी किंवा सांडलेलं तेल आहे हे सांगत असते. फोनची स्क्रीनही काही कोनांतून काळी दिसते. नवख्यांनी साधी करडी किंवा तपकिरी काच घ्यावी.

आणि सूर्य कुठे असेल हे निघण्याआधी ठरवा. सकाळी माहुली-कोरेगावकडे निघालात तर सूर्य सरळ डोळ्यांत. कासकडे निघालात तर पाठीवर, पण सकाळीच परत येताना समोर. मळलेल्या किंवा ओरखडलेल्या काचेवर समोरचा सूर्य पडला, की सगळी काच दुधाळ होते. ओरखडे आडवे-तिडवे दिसू लागले असतील, तर तो चष्मा घरात वापरा, सायकलवर नको.

धूळ, चिलटं आणि उसाचं पान

या भागाकडे दुर्लक्ष करू नका.

संध्याकाळी कोरेगाव-रहिमतपूर भागात शेतांच्या कडेने जाताना चिलटांचे थवे रस्त्यावर तरंगत असतात. नंबर नसलेल्यांनीही साधा पारदर्शक गॉगल घालावा. डोळ्यात काही गेलं तर आधी सायकल कडेला घ्या, दोन्ही पाय टेकवा. चोळू नका. पापणी धरून पिण्याच्या स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, उघडझाप करा. बहुतेक वेळा निघून जातं.

पण गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या जवळून जातात आणि बाहेर आलेली पानं, पाचट चेहऱ्याला लागतं. उसाच्या पानाची धार करवतीसारखी. बुबुळावर तिचा बारीकसा ओरखडा उठला, की त्यातून बुरशी आत शिरू शकते. पहिले एक-दोन दिवस नुसतं खुपतं. मग डोळा लाल, पाणी, उजेड सहन न होणं, आणि बुबुळावर पांढरा ठिपका. शेतात काम करणाऱ्यांच्या डोळ्यात फूल पडतं, त्यामागे पुष्कळदा अशीच जखम असते. औषध महिनोन्‌महिने चालू शकतं आणि उशीर झाला तर नजर जाते.

म्हणून पान, काडी, कुसळ, पाचट, शेतातलं काहीही डोळ्याला लागलं आणि खुपणं त्याच दिवशी थांबलं नाही, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि काय लागलं ते नेमकं सांगा: ‘उसाचं पान लागलं.’ औषधांच्या दुकानातून लाल डोळ्याचे थेंब मागून आणू नका. त्यातल्या काहींमध्ये स्टेरॉइड असतं. त्याने लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत बुरशी पसरत जाते. घरात आधी कुणाला दिलेली उरलेली बाटली तर नकोच नको. माझ्या शेजारच्या एका मुलाचं असंच झालं. डोळा वाचला, पण आजही त्याला त्या डोळ्याने अक्षरं फुटलेली दिसतात. त्याची आई अजून म्हणते, ‘ताई, थेंब घातल्यावर दोन दिवस किती बरं वाटत होतं त्याला.’

अंधार पडल्यावर

नवख्या चष्मेवाल्याने पहिले सहा महिने अंधारात चालवू नये. मायनस नंबरवाल्यांपैकी काहींना अंधारात अजून थोडं कमी दिसतं, आणि समोरच्या दिव्यांभोवती वलयं येतात. वलयं नव्यानेच दिसू लागली असतील तर मोतीबिंदूची तपासणी करा. अंधारात कायमच फार चाचपडायला होत असेल, तर तो रातांधळेपणा असू शकतो. तेही डॉक्टरांना सांगा. पिवळ्या काचेचे ‘नाइट ड्रायव्हिंग’ चष्मे विकले जातात, त्यांवर पैसे घालवू नका. ते येणारा उजेड कमीच करतात.

अंधारात निघावंच लागलं तर काच धुतलेली हवी. समोरून अप्पर मारत गाडी आली, की दिव्याकडे न बघता रस्त्याची डावी कड बघा आणि वेग उतरवा. आणि हंगामात पहाटेच्या अंधारात कोरेगावकडे किंवा कराडकडे जाऊ नका. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. चांगल्या नजरेच्या माणसालाही त्या शेवटच्या क्षणी दिसतात. महामार्ग, आपला जुना चार नंबर, आताचा ४८, तो तर अंधारात पूर्ण टाळा.

ज्यांना याहून कमी दिसतं

एकाच डोळ्याने दिसत असेल तर अंतराचा अंदाज वेगळ्या रीतीने बसवावा लागतो. मैदानात विटा मांडा आणि त्यांच्यामधून वळणं घेत, विटेपाशी नेमकं थांबत सराव करा. आठ-दहा दिवसांत हात बसतो. हॅंडलच्या उजव्या टोकाला आरसा सगळ्यांनीच लावावा. मोठ्या नंबरात मान वळवली की नजर काचेबाहेर जाते आणि मागची गाडी धूसर दिसते. फुगीर आरशात गाडी आहे त्याहून लांब वाटते, हे मात्र ध्यानात ठेवा.

काचबिंदूमध्ये समोरचं स्पष्ट दिसत असूनही कडेची नजर जाऊ शकते, आणि माणसाला ते कळत नाही. रुग्णाने डॉक्टरांकडून नजरेच्या पट्ट्याची (व्हिज्युअल फील्डची) तपासणी करून घेऊन, त्यांच्या परवानगीनेच रस्त्यावर जावं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तसंच. माझे मामा ‘आता लख्ख दिसतं’ म्हणून आठवड्यात निघाले होते, त्यांची सायकल आम्ही कुलपात ठेवली. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर ते पुन्हा चालवायला लागले.

आणि ज्यांना एकट्याने चालवणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी जोडसायकल आहे: पुढे दिसणारा, मागे न दिसणारा, पॅडल दोघांचे. पुण्याच्या ॲडव्हेंचर्स बियाँड बॅरियर्स फाउंडेशनने अंध आणि डोळस सायकलस्वारांना अशा सायकलींवर मनालीहून खारदुंग लापर्यंत नेलं आहे. पुढच्याने बोलत राहायचं असतं: ‘खड्डा’, ‘गिअर बदलतोय’, ‘थांबतोय’, ‘डावीकडे वळतोय’. मागचा त्या शब्दांवर पाय ठेवतो. चढ सुरू होतोय हे त्याला पुष्कळदा पुढच्याच्याही आधी पायांत कळतं.

पहिली फेरी

सीटखालच्या पिशवीत एवढं असू द्या: जुना पण चालेल असा चष्मा कडक डबीत, कापड, काड्यांचे स्क्रू आवळायचा बारीक पेचकस, आणि नंबरच्या कागदाचा फोनमध्ये फोटो. स्क्रू खडबडीत रस्त्याने हमखास ढिले होतात, दर रविवारी आवळा.

पहिली फेरी संगम माहुलीची करा. गावापासून पाचेक किलोमीटर, कृष्णा-वेण्णेच्या संगमापर्यंत. सूर्य चांगला वर आल्यावर निघा, म्हणजे तो सरळ डोळ्यांत येत नाही. वाटेत तीनदा थांबा आणि प्रत्येक वेळी बघा: चष्मा किती घसरला, काच आतून ओली की बाहेरून, आणि समोरच्या गाडीची पाटी किती पावलांवरून वाचता येते. घाटावर बसून हे वहीत लिहून ठेवा आणि येताना चष्म्याच्या दुकानात थांबून काड्या आवळून घ्या.